उलट्या कापडावरची मांडणी

माझी आत्या बिचारी नाही, हे आधीच सांगून टाकते. तिच्या हाताचा विषय निघाला की लोक चेहरा पाडून 'अरेरे' म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. बिचारी कसली? आमच्या कारखान्यात गणवेश शिवतात. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, गॅरेजवाल्यांचे. त्या सगळ्या गणवेशांचं कापड वर्षानुवर्षं एकट्या आत्याने कापलंय. कारखान्यात तिला कुणी नावाने हाक मारत नाही, मास्तरीण म्हणतात. मालकसुद्धा 'मास्तरीणबाई' म्हणतात, आणि आमचे मालक उगीच कुणाला मान देणाऱ्यातले नाहीत.

मी तिची भाची. आमच्या घरी जागा कमी आणि भांडणं जास्त, म्हणून कॉलेजच्या वर्षांत चार दिवस आत्याकडे राहायला आले ती आलेच. कारखान्यात मी इस्त्रीच्या टेबलावर असते. दिवसभर वाफ अंगावर घेऊन माझा स्वभाव असा झाला, असं मी सांगते. आत्या म्हणते की नाही, तू पाळण्यात होतीस तेव्हापासूनच अशी आहेस.

कापड कापणं म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक घालतात. चांगला वीतभर ढीग होतो. सगळ्यात वरच्या थरावर फर्मे ठेवायचे. फर्मा म्हणजे बाहीचा, पाठीचा, कॉलरचा जाड कागदी आकार. त्याच्या कडेने खडूने खुणा करायच्या आणि मग उभ्या पात्याचं मशीन त्या खुणेवरून चालवत न्यायचं. उजव्या हातात मशीनची मूठ, डाव्या हाताने पात्याच्या पुढचं कापड दाबून धरायचं. चुकलं तर एक शर्ट जात नाही, अख्खा ढीग जातो. आत्या टेबलापाशी उभी राहिली की ती कुणी वेगळीच बाई वाटायची. घरात साधं पातेलं कुठे ठेवलंय ते तिला आठवायचं नाही, पण तिथे तिचा हात असा जायचा की आम्ही कामं सोडून बघायचो. आणि सगळा वेळ ती कापडाशी भांडत असायची. "सरळ राहा गं बये, पळतेस कुठे? तुझ्यासारख्या छप्पन्न बघितल्यात."

एका सकाळी ते पातं कापडातून निघालं आणि तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवरून गेलं. लोखंडी जाळीचा हातमोजा तिने काढून ठेवला होता, कारण मोजा घातला की कापडाला पडलेली सळ बोटांना कळत नाही. चूक माझीच, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगते. दोन्ही बोटांची टोकं गेली. टाके घातले, जखमा भरल्या, डॉक्टर म्हणाले की हात कामाला लावायला आता काहीच हरकत नाही.

हात तयार होता हो, पण आत्या तयार नव्हती. ती पहिल्या दिवशी परत आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्याबिळ्या वाजवल्या. हातमोजा घालून ती टेबलापाशी गेली, उजव्या हाताने मूठ धरली, बटण दाबलं. पात्याचा आवाज सुरू झाला आणि तिचा डावा हात पोटाशी गेला तो तिथून हलेना. ती स्वतःच त्या हाताकडे बघत होती. घामाने तिचा चेहरा ओला झाला. मग तिने मशीन बंद केलं आणि कुणाकडे न बघता बाथरूममध्ये गेली. मी दाराबाहेर उभी राहिले. आतून नळाचा आवाज येत होता, बराच वेळ.

त्यानंतर तिला बटणं निवडायच्या टेबलावर बसवलं. रंगाप्रमाणे, मापाप्रमाणे बटणं वेगळी करायची. वाईट काम नाही, पण आत्याला तिथे बसलेलं मला बघवायचं नाही. कापड बाहेरून कापून यायला लागलं. ते तिरकं असायचं, शिवणाऱ्या बायका कुरकुरायच्या, आणि मालकांची चिडचिड वाढत चालली होती. शेवटी त्यांनी आत्याला बोलावलं. मी मुद्दाम इस्त्री हातात घेऊनच दाराशी गेले.

"मास्तरीणबाई, तुम्हाला मी काढत नाही," मालक म्हणाले. "पण दवाखान्याची मोठी ऑर्डर येतेय. ती मी बाहेर कापायला देणार नाही. त्या दिवशी तुम्ही टेबलावर असाल तर टेबल तुमचं. नसाल तर मी दुसरा मास्तर आणणार, आणि मग त्याला उठवून तुम्हाला बसवणार नाही. आत्ताच सांगतो, म्हणजे नंतर मनात नको."

"बरोबर आहे तुमचं," आत्या म्हणाली.

बरोबर आहे म्हणे! मला इतका राग आला की मी एका कोटाची कॉलर करपवली.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. पूर्वी टेलिफोन खात्यात होत्या, निवृत्त झाल्यावर संकल्पाचे वर्ग घ्यायला लागल्या. मी त्यांना संकल्पबाई म्हणते, मागून. इतक्या हळू बोलतात की पुढे झुकून ऐकावं लागतं. टेलिफोन खात्यात यांना कोणी ठेवलं, देव जाणे. त्यांनी जिन्यात आत्याला गाठलं आणि म्हणाल्या, "एकदा वर या. मनात काय धरायचं आणि काय सोडायचं, ते मांडून बघू."

आत्या जाईल असं मला वाटलं नव्हतं. ती गेली, आणि मी तिच्यामागे गेले, कारण कुणीतरी शुद्धीवर असलेलं माणूस सोबत हवं.

बाईंनी टेबलावर एक साधं कापड अंथरलं होतं. मधे वाटीत पाणी, समोरच्या बाजूला दगड, जवळ एक मेणबत्ती. उजवीकडे हिरवं पान, डावीकडे चिमूटभर मीठ. त्या एकेक दाखवत गेल्या. पाणी म्हणजे आपलं मन, कारण ते हलतं. दगड म्हणजे ठामपणा. ज्योत म्हणजे इच्छा. पान म्हणजे जे वाढावं असं वाटतं ते, मीठ म्हणजे जे विरघळून जावं ते. मग रंगांचं. लाल म्हणजे धाडस, निळा म्हणजे खरं बोलणं, पिवळा म्हणजे उमेद, पांढरा म्हणजे शांतता.

"आमच्याकडे पांढरा म्हणजे दवाखाना," मी म्हटलं, "निळा म्हणजे गॅरेज आणि काळा म्हणजे वेटर."

आत्याने टेबलाखालून मला लाथ मारली. बाई मात्र हसल्या. "चालेल की. वस्तू म्हणजे नुसत्या खुणा असतात. मन कुठेही भटकतं, त्याला धरायला हातात काहीतरी लागतं. माझा दगड तुम्हाला काही सांगत नसेल तर तुमच्या घरातलं काहीतरी घ्या. फक्त जागा बदलायच्या नाहीत. उजवीकडे जे यायला हवं ते, डावीकडे जे जायला हवं ते."

"खुणा होय," आत्या म्हणाली. "म्हणजे फर्म्यावर असतात तशा. इथे चुणी, इथे खिसा."

"अगदी तशाच."

मग त्यांनी कृती सांगितली. रोज सकाळी मांडणीपुढे बसायचं. उजवीकडची वस्तू उचलायची, छातीशी धरायची, सावकाश श्वास आत घ्यायचा. बराच वेळ तिच्याबरोबर राहायचं. मग ती परत ठेवून डावीकडची वस्तू हाताने दूर सारायची आणि श्वास सोडायचा. तोंडाने अवाक्षर काढायचं नाही. आणि डोकं चालवायचं नाही. डोक्याने तुम्हाला बरेच दिवस दमवलंय, आता हातांना करू द्या, असं त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकून आत्याचा चेहरा बदलला ते मी पाहिलं. तिने बाईंकडून एक मोठा कागद मागून घेतला, टेबलावरच्या मांडणीचा तिथल्या तिथे फर्मा काढला आणि गुंडाळी करून खाली घेऊन आली. यायचं ते गोल, जायचं ते फुली, अशा खुणा केल्या. बाईंना वाटलं असेल, काय हौशी शिष्य मिळाली.

दुसऱ्या दिवशी बाई मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी गेल्या, आणि आमच्या घरात हा कार्यक्रम सुरू झाला.

खिडकीजवळच्या तिवईवर आत्याने पांढऱ्या कापडाचा चौकोन अंथरला, त्यावर फर्मा ठेवून खडूने जागा आखून घेतल्या. वस्तू सगळ्या तिच्या स्वतःच्या होत्या. पाणी तेवढं पाणीच राहिलं. दगडाऐवजी फर्मे उडू नयेत म्हणून वर ठेवतात ते लोखंडी वजन. मेणबत्तीच्या जागी खडूचा तुकडा. "इच्छा म्हणजे खडूच," ती म्हणाली. "पुसली गेली तर परत ओढायची." हे मला पटलं, पण मी तोंडावर दाखवलं नाही. गोलाच्या जागी लाल दोऱ्याचं रीळ, म्हणजे धाडस. आणि फुलीच्या जागी झिजून काढून टाकलेल्या पात्याचा तुकडा. तो तिने कारखान्यातून मागून आणला होता. ती तिची भीती.

पहिल्या सकाळी तो तुकडा तिने फडक्यात गुंडाळलेलाच ठेवला. उचलायची वेळ आली तेव्हा फडक्यासकट उचलला आणि इतकी थरथरली की वाटीतलं पाणी तिवईवर सांडलं. मी चहाचा कप आपटून म्हटलं, "आत्या, पुरे कर हे. माणसाने स्वतःचा असा छळ करून घेऊ नये."

तिने बोट तोंडावर ठेवलं. बोलायचं नाही म्हणे.

पण ती करत राहिली. कधी सर्दी झालेली असायची, कधी कारखान्याला उशीर व्हायचा, एकदा तर शेजारच्यांचा पाण्याचा पाइप फुटून आमच्या खोलीत घोटाभर पाणी आलं होतं, तरी ही बाई खुर्चीवर पाय वर घेऊन मांडणीपुढे बसलेली. हळूहळू फडकं सुटलं. मग ती तो तुकडा उघड्या हातात घ्यायला लागली, डाव्या हातात, आखूड झालेल्या बोटांमध्ये. छातीशी धरून डोळे मिटून बसायची. पहिले पहिले तिच्या ओठांचा रंग उडायचा. पुढे पुढे नुसता श्वास जोरात चालायचा. मग एक दिवस मी पाहिलं तर ती डोळे उघडे ठेवून त्या पात्याकडे बघत होती. एखाद्या तिरसट गिऱ्हाइकाकडे बघावं तशी. पात्याबरोबर तिचा वेळ असा जायचा, आणि मग बिचारं लाल रीळ ती फू करून पलीकडे ढकलायची.

एकदा मी विचारलं होतं, "ते पातं उराशी काय कवटाळतेस? ते घालवायचंय ना?"

"बाईंनी सांगितलंय, उजवीकडचं आधी, आणि उजवीकडचं धरायचं," ती म्हणाली. "आधी त्याच्याकडे नीट बघायचं असेल. डोकं चालवायचं नाही."

मला काय, मला तो सगळाच वेडेपणा वाटत होता. वेडेपणात उजवं-डावं कुठे शोधत बसायचं?

दवाखान्याची ऑर्डर आली. कापडाचे गठ्ठे मालकांच्या खोलीबाहेर रचले गेले आणि उद्या थर घालायचे असं ठरलं. आत्याने मालकांना सांगितलं, "उद्या मी टेबलावर आहे." काजं करणारे काका, जे दिवसभर विनोद करून आमचं डोकं खातात, तेसुद्धा त्या दिवशी मशीन लवकर बंद करून आत्यापाशी आले. जाताना एवढंच म्हणाले, "मास्तरीण, उद्या जेवून या हो. उपाशीपोटी माणूस तिरकं कापतं."

आणि नेमक्या त्याच संध्याकाळी संकल्पबाई परत आल्या. नातवाचे फोटो दाखवायला खाली उतरल्या. फोटो दाखवून झाले, बाळ कुणावर गेलंय यावर चर्चा झाली, आणि मग त्यांची नजर खिडकीजवळ गेली. त्या उठून तिवईपाशी उभ्या राहिल्या.

"हे वजन छान आहे," त्या म्हणाल्या. "खडूची कल्पना तर फारच छान. हा तुकडा कसला?"

"ती माझी भीती," आत्या म्हणाली.

"आणि रीळ म्हणजे धाडस. लाल." बाई वाकल्या, पुन्हा बघितलं आणि त्यांचा आवाज आणखीनच बारीक झाला. "अहो, पण हे उलटं झालंय."

"काय उलटं झालंय?" मी म्हटलं.

"उजवीकडे भीती आहे. डावीकडे धाडस. रोज असंच मांडत होतात? रोज भीतीला धरून श्वास आत घेत होतात?"

आत्या खुर्चीवर बसली. तिने कापडाचा कोपरा उचलून बघितला, आणि माझ्याही डोक्यात त्याच क्षणी प्रकाश पडला. आमच्या धंद्यात खडू कधी कापडाच्या सुलट्या बाजूला लावत नाहीत, डाग राहतो. कापड नेहमी उलटं अंथरायचं, फर्माही पालथा ठेवायचा आणि उलट्या बाजूला खुणा करायच्या. तेव्हा उजवी बाही डावीकडे दिसते. शिवून सुलटं केलं की सगळं आपोआप जागच्या जागी येतं. आत्याने बाईंच्या मांडणीचा फर्मासुद्धा हाताच्या सवयीने पालथा ठेवला होता. आयुष्यभर जे केलं तेच केलं. फक्त हे कापड काही कुणी शिवून सुलटं करणार नव्हतं.

मग मी जी सुरू झाले! बाईंना म्हटलं, तुम्ही दुसऱ्याच्या जिवाशी खेळता आणि वर निघून जाता. उद्या तिचा निकाल आहे आणि आज येऊन सांगता उलटं झालंय? नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं चुकलं, मी तुमच्या घरी एकदा येऊन बघायला हवं होतं," असं त्या दोनदा म्हणाल्या. आपण आता नीट मांडू, परत सुरू करू, असंही म्हणाल्या. पण परत सुरू करायला वेळ कुठे होता? आत्याने मला दटावलं, बाईंना जिन्यापर्यंत सोडून आली आणि दार लावलं.

"म्हणजे इतके दिवस मी तिलाच बोलवत होते," ती म्हणाली. "आणि धाडसाला रोज ढकलून देत होते. फू करून."

मी हसवायचा प्रयत्न केला. म्हटलं, अगं, रिळाला काय कळतंय. ती हसली नाही. जेवणाचं ताट तिने तसंच सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माझी आत्या हरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बोटं गेली तेव्हाही ती अशी दिसली नव्हती. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण ठेवला तर मीच रडेन म्हणून मी भांडी घासत बसले, घासलेलीसुद्धा परत घासली.

सकाळी उठले ती ठरवूनच. ते कापड पालटायचं, धुवायचं, जाळायचं, काय वाटेल ते करायचं, पण तिच्या डोळ्यांसमोर ठेवायचं नाही. बाहेर येऊन बघते तर आत्या मांडणीपुढे बसलेली. केस विंचरलेले, साडीचा पदर खोचलेला. पातं हातात होतं.

"ठेव ते," मी म्हटलं. "निदान आज तरी सुलटं कर."

"राहू दे गं."

"राहू दे काय? काल ऐकलंस ना?"

"ऐकलं," ती म्हणाली. मांडणीपुढे बसून ती पहिल्यांदाच बोलत होती. "पूर्ण रात्र विचार केला. बाई म्हणतात मी भीतीला बोलवत होते. बोलवलं, तर आली की ती. रोज आली. पहिल्या दिवशी मला तिच्यासमोर बसवत नव्हतं, आणि आता बघ, चहा पीत बसते मी हिच्याबरोबर." खरंच बाजूला चहाचा कप होता. "धाडस मात्र आलं नाही. मी शोधलं हं सगळीकडे. नाहीच आहे."

"मग आता?"

"मग काय? तसंच जायचं. धाडस येईपर्यंत बसून राहिले तर त्या टेबलावर दुसरा कुणी उभा राहील." तिने पातं फुलीवर ठेवलं आणि उठली. "डबा भर. काजवाल्याने जेवून यायला सांगितलंय, आणि माझ्या पोटात रात्रीपासून काही नाही."

तिने सकाळी सकाळी पोटभर जेवण केलं. मी वाढत राहिले.

कारखान्यात थर घालून तयार होते. पांढरं कापड, दाट विणीचं, वीतभर ढीग. आत्याने फर्मे ठेवले, खुणा केल्या, त्यात तिचा हात नेहमीसारखा चालला. मग हातमोजा घातला, मूठ धरली. मालक खोलीच्या दारात उभे होते, हाताची घडी घालून. शिवणाऱ्या बायकांची मशीनं एकेक करून बंद होत गेली. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबले, तिला दिसेन अशी.

तिने बटण दाबलं. पातं सुरू झालं. तिचा डावा हात पोटाशी गेला.

मी मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. पात्याला, मालकांना, वरच्या बाईंना, त्या रिळाला. आत्या मात्र त्या हाताकडे बघत नव्हती. ती पात्याकडे बघत होती, सकाळी बघायची तशी. तिचा श्वास मला टेबलाच्या ह्या टोकाला ऐकू येत होता. मग तिचा हात पोटावरून निघाला. सावकाश, थरथरत, कापडावर येऊन बसला, पात्याच्या पुढे, जिथे असायला हवा तिथे. आणि मशीन पुढे सरकलं.

सरळ कड नीट गेली. मग मुंढ्याची गोलाई आली, बाही जिथे जोडतात तिथली. बोटं गेली ती याच वळणावर. हात इतका हलायला लागला की वरचे थर सुरकुतून पात्याकडे सरकले, आणि पातं खुणेवरून सुटलं. तिने मशीन बंद केलं. वरच्या थरांवर खडूच्या रेघेच्या आत बोटभर चीर पडली होती. इतक्या वर्षांत तिने एकदाही असं कापलं नव्हतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मालक पुढे आले. आवाज मऊ करून म्हणाले, "राहू द्या मास्तरीणबाई. तुम्ही प्रयत्न केलात. पुष्कळ झालं."

"पुष्कळ कसलं झालं?" आत्या म्हणाली. "अजून दुसरी बाही आहे, दोन पाठी आहेत, कॉलर आहे. वरचे चार थर वाया गेलेत, ते मी काढून बाजूला ठेवते, त्यातून खिसे निघतील. खालचे सरकले नाहीत, त्यांच्यात चीर रेघेच्या बाहेरच आहे, त्यांची गोलाई मी परत आखते. तुम्ही जरा उजेडातून बाजूला व्हा."

मालक उजेडातून बाजूला झाले.

चार थर तिने उचलले. हाताने कापड सारखं केलं, खडू घेतला, गोलाई परत ओढली. आणि मशीन पुन्हा सुरू केलं. यावेळी ती बोलायला लागली, पूर्वीसारखी, फक्त कापडाशी नाही. "हो, हो, आहेस तू, माहीत आहे मला," असं काहीतरी ती पुटपुटत होती. "थांब तिथेच. मधे येऊ नकोस. झालंच आता." घाम तिच्या हनुवटीवरून खाली पडत होता. हात सबंध वेळ थरथरत होता, एक क्षणसुद्धा थांबला नाही. आणि त्या थरथरणाऱ्या हाताने तिने गोलाई काढली, मग दुसरी बाही, मग पाठी, मग कॉलर. शेवटचा तुकडा ढिगातून सुटला तेव्हा तिने बटण बंद केलं, आणि कारखान्यात जो गलका झाला तो मी सांगू शकत नाही. काजवाले काका टेबलावर हात आपटून ओरडत होते. मालकांनी मान खाली घातली आणि गरज पडली तर म्हणून फाटकाशी बसवून ठेवलेल्या दुसऱ्या मास्तरला ओरडून सांगितलं, जा बाबा तू, इथे काही नाही तुझं.

आत्या जागची हलली नाही. मी तिच्याजवळ गेले तर ती हळूच म्हणाली, "अगं, मूठ सुटत नाहीये."

उजव्या हाताची बोटं मशीनच्या मुठीवर आवळली होती, पांढरीफटक. ती सोडायला बघत होती आणि बोटं ऐकत नव्हती. मी गुडघ्यावर बसले आणि एकेक बोट धरून उलगडायला लागले. मला रडू आवरेना. सगळ्यांसमोर नाक ओढत मी तिची बोटं सोडवत होते, आणि प्रत्येक बोट बर्फासारखं गार होतं.

"हळू गं," आत्या वरून म्हणाली. "मोडशील. दुपारी पायजम्यांचे थर घालायचेत."